किनाऱ्याने गाडी काढताना जेवणाची सोय कशी लावावी : अलिबाग ते वेंगुर्ला, टप्प्याटप्प्याने

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला असा किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करून आलेली मंडळी जेवणाबद्दल जी तक्रार करतात, ती बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. दुपारी दोनला भूक लागली, फोनवर जवळचे हॉटेल शोधले, तिथे पोचेपर्यंत अडीच वाजले, ताजे काही उरले नव्हते आणि शेवटी पनीरची भाजी किंवा बर्फातली सुरमई खाऊन उठावे लागले. यात हॉटेलाचा दोष थोडा आणि प्रवाशाच्या क्रमाचा दोष जास्त असतो. या पट्ट्यातले चांगले जेवण बऱ्याच अंशी घरगुती खानावळींत शिजते. तिथे सकाळपर्यंत जेवढी पाने सांगितलेली असतात तेवढाच बाजार होतो आणि न सांगता आलेल्या पाहुण्याला जे उरले असेल ते वाढले जाते. त्यामुळे पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. चौथा टप्पा पहिल्याच्या आधी केला तर त्याचा उपयोग होत नाही.

हा लेख किनाऱ्यालगतच्या रस्त्याने, म्हणजे रेवस-रेडी सागरी मार्गाच्या आसपासच्या गावांतून, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी आहे. मुंबई-गोवा महामार्ग कोकणातल्या बऱ्याच भागांत किनाऱ्यापासून आत, खूप लांबून जातो. महामार्गावरच्या ढाब्यांना इथे दिलेली पद्धत लागू पडत नाही.

टप्पा १ : तारखा ठरवताना समुद्र आणि पंचांग पाहावे

बहुतेक जण रजा पाहून तारखा ठरवतात आणि मासळीचा विचार गाडीत बसल्यावर करतात. किमान चार गोष्टी आधी तपासाव्यात.

पहिली गोष्ट मासेमारीबंदीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत सुरमई, पापलेट, सरंगा यांसारखी खोल पाण्यातली मासळी ताटात आली, तर ती बहुधा शीतगृहातली आहे असे समजावे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी खाडीची मासळी, खेकडे आणि सुकी मासळी यांवर भर द्यावा. सोडे घालून केलेले वांगे, सुका जवळा आणि गरम भाकरी हे जुलैतले प्रामाणिक जेवण आहे. ते ‘दुसरे काही नव्हते म्हणून’ खाल्ले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

दुसरी गोष्ट वाराची. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळी खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात. मागणी कमी म्हणून त्या दिवशी छोट्या बाजारात मासळीही कमी दिसते आणि सोमवारी रविवारची उरलेली मासळी पुढे येण्याची शक्यता वाढते. शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्यांना रविवारी मासळी चांगली मिळते, मात्र गर्दीही सर्वांत जास्त त्याच दिवशी असते. शक्य असल्यास मंगळवारी निघून शुक्रवारी परतावे.

तिसरी गोष्ट सणांची. श्रावण, गणपतीचे दिवस, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार या काळात अनेक घरगुती खानावळी केवळ शाकाहारी जेवण देतात किंवा बंद असतात. गणपतीत तर खानावळ चालवणारे स्वतःच आलेल्या चाकरमान्यांच्या पाहुणचारात असतात. अशा दिवसांत हट्ट धरू नये. शाकाहारी जेवणाचा बेत करावा, कारण त्या दिवशी तेच मनापासून केलेले असते.

चौथी गोष्ट भरती-ओहोटीची. ती प्रवासी क्वचितच पाहतात. तिसऱ्या (शिंपले) आणि कालवे ओहोटीला काढली जातात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटीला पाणी समुद्राकडे लांबवर मागे हटते आणि खडक, पुळण, खाडीचा गाळ जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात आणि पाणी फारसे हलत नाही. किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा आहे की, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी, असा हिशेब होतो. पौर्णिमेच्या आसपास सकाळची ओहोटी पाच-सहाच्या बेताला येते, म्हणजे त्या वेळी काढलेल्या तिसऱ्या दुपारच्या जेवणाला पोचू शकतात. हिशेब ढोबळ आहे, पण तिसऱ्या कोणत्या दिवशी मागाव्यात हे ठरवायला पुरेसा आहे.

तपासणी : निघण्याच्या तारखांपुढे वार, तिथी आणि सण लिहून ठेवावेत. ही चार ओळींची नोंद पुढे फोन करताना उपयोगी पडते.

टप्पा २ : नकाशावर जेवणाचे थांबे मुक्कामाआधी खुणावावेत

सागरी मार्गावर फोन जी वेळ दाखवतो तिच्यावर विसंबू नये. अरुंद रस्ता, घाटवळणे, गावातून जाणारी वाट आणि समोरून येणारी एसटी यांमुळे ताशी ३०-३५ किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी मी धरत नाही. त्यात खाड्या आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीतून पलीकडे न्यावी लागते. फेरीबोटीमुळे लांबचा वळसा वाचतो, पण एक फेरी चुकली की जेवणाची वेळही चुकते. सुट्टीच्या दिवशी तर जेट्टीवरच्या गाड्यांच्या रांगेत दोन-दोन फेऱ्या निघून जातात.

उलट बाजूने खानावळींच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री आठ ते साडेनऊ यापलीकडे लहान गावांत चूल चालू असेलच असे नाही. मुंबई-पुण्याच्या सवयीने रात्री साडेदहाला जेवायला जाणारा माणूस किनाऱ्यावर उपाशी राहण्याचा संभव जास्त.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी दुपारचे जेवण कोणत्या गावात घ्यायचे ते ठरवावे. शक्यतो ते खाडीच्या अलीकडच्या काठावर घ्यावे, म्हणजे फेरीबोटीला उशीर झाला तरी पोट भरलेले असते. त्यानंतर त्या दिवशीचा मुक्काम निवडावा. उदाहरणार्थ, दापोलीच्या बाजूने गणपतीपुळ्याकडे निघाल्यास वाटेत दाभोळची आणि तवसाळची अशा दोन फेऱ्या येतात. अशा दिवशी जेवण दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये, गुहागर-हेदवीच्या पट्ट्यात ठरवावे आणि दाभोळहून अकराच्या आत पलीकडे जावे. दोन्ही फेऱ्या उरकून मग जेवू, असे म्हणणाऱ्यांचे जेवण मी चार वाजता वडापावावर झालेले पाहिले आहे.

इशारा : गाडीत केळी, लाडू आणि पुरेसे पाणी ठेवावे. ही उपाशीपोटी चुकीचे हॉटेल निवडू नये म्हणून केलेली तरतूद आहे. भुकेला माणूस पहिल्या दिसलेल्या पाटीपाशी गाडी थांबवतो.

टप्पा ३ : प्रत्येक थांब्यासाठी तीन नावे मिळवावीत

एकच नाव धरून जाऊ नये. लग्न, सुतक, आजारपण, गावची जत्रा, यांपैकी कशानेही घरगुती खानावळ त्या दिवशी बंद असू शकते आणि फोनच्या नकाशावर मात्र ती ‘उघडी’ दिसत राहते.

नकाशावरचे अभिप्राय वाचायचे असतील, तर ते नव्याने आलेल्यांपासून वाचावेत आणि ताऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. ‘छान’, ‘मस्त’, ‘एकदम घरचे’ एवढेच लिहिलेले अभिप्राय बाजूला ठेवावेत. कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती वेळ थांबावे लागले आणि किती पैसे झाले, एवढे ज्यात आहे असे तीन अभिप्राय पन्नास ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतात. ताटांची छायाचित्रे पाहावीत. वेगवेगळ्या महिन्यांच्या छायाचित्रांत ताटातला मासा बदलत असेल, तर ती चांगली खूण आहे. बारा महिने तेच पापलेट त्याच आकारात दिसत असेल, तर ते कुठून येते याचा विचार करावा. २०२३ मध्ये पापलेटाला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला हे खरे, पण तो रोज प्रत्येक बंदरात उतरतो असा त्याचा अर्थ नाही.

त्याहून उपयोगी माहिती माणसांकडून मिळते, मात्र कोणाला आणि कसे विचारायचे हे महत्त्वाचे आहे. ‘इथे चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारल्यास समोरचा माणूस तुमची गाडी पाहून सर्वांत मोठ्या, वातानुकूलित जागेचे नाव सांगतो. ‘तुम्ही स्वतः बाहेर जेवायची वेळ आली तर कुठे जाता?’ असे विचारावे. एसटीचे चालक-वाहक, बँकेतले बदली होऊन आलेले कर्मचारी, शाळेतले बाहेरगावचे शिक्षक हे लोक रोज खानावळीत जेवतात आणि त्यांचे मत परखड असते. बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींना ‘तुमच्याकडून रोज मासे कोण नेते?’ असे विचारले, तर दोन खानावळींची नावे सहज मिळतात, आणि त्या ताजी मासळी घेतात हेही त्याच उत्तरात कळते.

राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद असलेली घरेही पाहावीत. तिथे मुक्काम नसला तरी आधी सांगितल्यास काही ठिकाणी जेवण मिळते.

पाटीवर ‘मालवणी, पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन’ असे सगळे असेल, ऐंशी पदार्थांची यादी असेल आणि पर्यटकांच्या बस दारात उभ्या असतील, तर तिथे पोट भरेल, पण त्या गावाचे जेवण मिळणार नाही. उलट, फक्त पाच-सहा पदार्थ खडूने फळ्यावर लिहिलेले आणि त्यातला एक पुसलेला असेल, तर मी तिथे गाडी थांबवतो. पुसलेला पदार्थ संपलेला असतो, म्हणजे तो आजचाच होता.

टप्पा ४ : आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी नऊच्या आत फोन करावा

साऱ्या पद्धतीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. फोन करणारे बहुतेक जण ‘आज चालू आहे ना?’ एवढेच विचारून ठेवतात. त्याने काहीच ठरत नाही. खानावळीच्या बाईंना चार गोष्टी कळाव्या लागतात: किती पाने, किती वाजता, कोण काय खात नाही, आणि तुम्ही नक्की येणार आहात का. यांपैकी शेवटची गोष्ट त्या तोंडाने विचारत नाहीत, पण सगळा बाजार त्यावर ठरतो.

फोन साधारण असा असावा. “काकू, नमस्कार. आम्ही चार मोठे आणि एक लहान मूल असे उद्या दुपारी सव्वाच्या सुमारास येऊ. तीन पाने मासळीची, एक शाकाहारी. लहान मुलासाठी तिखट न घालता थोडे बाजूला काढाल का? मासळी जी ताजी येईल ती चालेल. सकाळी निघालो की पुन्हा फोन करतो.” मालवणच्या बाजूला याला उत्तर येते ते असे: “सुरमय नाय हा, पण सरंगो बरो गावलो हा, चलात मां?” या प्रश्नाला ‘चालेल’ म्हणणाऱ्याला चांगले जेवण मिळते. ‘पण आम्हाला सुरमईच हवी होती’ असे म्हणणाऱ्यालाही सुरमई मिळते. ती कालची किंवा बर्फातली असते, एवढाच फरक.

माशांची नावे गावागणिक बदलतात, त्यामुळे फोनवर गोंधळ होतो. मुंबईचा हलवा म्हणजेच सरंगा. रायगडात जी चिंबोरी ती सिंधुदुर्गात कुर्ली. मालवणीत कोळंबीला सुंगटा म्हणतात आणि उत्तरेकडच्या तारल्या दक्षिणेकडे पेडवे होतात. नाव कळले नाही तर सरळ विचारावे की काटे जास्त आहेत का, तळून चांगला लागतो की कालवणात. बांगडा, पेडवे, मांदेली यांना ‘स्वस्तातले मासे’ म्हणून नाकारणारे पाहुणे किनाऱ्यावरच्या उत्तम ताटाला मुकतात. रोज उतरणारी, पटकन खपणारी मासळी बहुधा हीच असते.

काही पदार्थ सांगितल्याशिवाय होतच नाहीत. उकडीचे मोदक, कोंबडी-वडे, तिसऱ्यांचे सुके, भरलेला मासा, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ यांसाठी किमान आदल्या दिवशी सांगावे. वाटाणे भिजत घालायला, आंबोळीचे पीठ आंबायला आणि नारळ खोवायला वेळ लागतो. सकाळी अकराला फोन करून एक वाजता मोदक मागणे म्हणजे त्या घराला नाही म्हणायला लावणे आहे.

अडकलात तर उशीर कळवावा. फेरीबोट चुकली तर जेट्टीवरूनच फोन करावा. पुढे जाऊन रेंज मिळेल या भरवशावर राहू नये, कारण खाडीकाठच्या उतारावर आणि घाटात ती बऱ्याचदा जाते. येणे रद्द झाले, तर सकाळीच सांगावे. पाच पानांची मासळी घेऊन ठेवल्यावर पाहुणा आला नाही, तर त्या दिवसाची कमाई जाते आणि पुढच्या अनोळखी फोनला ‘जागा नाही’ असे उत्तर मिळते.

तपासणी : फोन ठेवण्याआधी पानाचा दर, त्यात काय येते आणि वेगळे पैसे कशाचे, हे तिन्ही विचारून घ्यावे. पत्ता सांगताना देऊळ, शाळा किंवा वडाचे झाड अशी खूण विचारावी; घरगुती खानावळीला पाटी असेलच असे नाही.

टप्पा ५ : हवी असल्यास मासळी स्वतः घ्यावी (हा टप्पा गाळला तरी चालतो)

हर्णै बंदरावर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहून ती विकत घेण्याचा मोह सर्वांना होतो. पाहायला हरकत नाही, पण लिलावात बोली लावू नये. तिथे टोपल्या आणि ढीग विकले जातात, बोली व्यापाऱ्यांच्या हिशेबाने चढते आणि मध्ये उभा राहणारा पर्यटक सगळ्यांच्याच वाटेत येतो. हर्णैला संध्याकाळी होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळू ओली आणि निसरडी असते, लिलाव करणारा बोली पुकारत असतो आणि पाच मिनिटांत समोरचा ढीग नाहीसा होतो. ज्यांना दोन-चार मासे हवेत, त्यांनी लिलावानंतर बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्यावेत.

घेताना डोळे पाहावेत. ते फुगीर आणि चकचकीत असावेत, दुधाळ आणि खोल गेलेले नसावेत. कल्ले उघडून लाल आहेत ना ते पाहावे. अंगावर बोट दाबले, तर खळगा लगेच भरून यावा. बोंबील लवकर मऊ पडतो आणि लवकर बिघडतो, त्यामुळे तो लांब न्यायचा विचार करू नये. मासळी तिथेच साफ करून, तुकडे करून घ्यावी आणि थर्माकोलच्या पेटीत मासळीइतकाच बर्फ भरून ठेवावी. पिशवीत गुंडाळून डिकीत टाकलेली मासळी उन्हाळ्यात तासाभरात बिघडू लागते.

ती शिजवून देणारी खानावळ मात्र आधी ठरलेली असावी, दरही आधी ठरलेला असावा. ऐनवेळी मासळीची पेटी घेऊन अनोळखी दारात उभे राहिल्यास नकार मिळतो, आणि तो रास्त असतो, कारण त्या घरात दुसऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक चालू असतो.

टप्पा ६ : पोचल्यावर, बसण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात

पहिली, दर. यादीत माशापुढे ‘साईझप्रमाणे’ असे लिहिलेले असेल, तर मागवण्याआधी मासा समोर आणून दाखवायला सांगावे आणि त्याच माशाचा आकडा विचारावा. मी हे एकदा केले नाही. सिंधुदुर्गातल्या एका गावात आम्ही चौघांनी ‘एक सरंगा तळून’ एवढेच सांगितले. परातीएवढा मासा आला, सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले, आणि बिलात त्या एका माशाचे पैसे उरलेल्या सगळ्या जेवणाइतके निघाले. हॉटेलवाल्याने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. यादीत तसे लिहिलेलेच होते. विचारायचे आमचे काम होते.

दुसरी, स्वच्छता. अन्न व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. त्यापेक्षा जास्त सांगतात ती हात धुण्याची जागा आणि मोरी. मासळीच्या जागी थोडा वास असणारच. पण तो समुद्राचा असावा, नाकाला झोंबणारा नसावा. पिण्याचे पाणी उकळलेले आहे का ते विचारण्यात संकोच करू नये.

तिसरी, पैसे देण्याची सोय. ‘यूपीआय चालते’ असे सांगितले तरी रेंज असेलच असे नाही. चौघांच्या दोन जेवणांइतकी रोख रक्कम सुट्यांसह जवळ ठेवावी.

इशारा : कुणाला कोळंबी, खेकडे किंवा शिंपल्यांची ॲलर्जी असेल, तर ‘आम्ही ते खात नाही’ एवढे सांगणे पुरत नाही. एकाच तव्यावर, एकाच तेलात सगळे तळले जाते, म्हणून ‘वेगळ्या तेलात करावे लागेल’ असे स्पष्ट सांगावे, आणि ते जमत नसेल तर शाकाहारी पान घ्यावे.

टप्पा ७ : काय मागवावे, आणि किती

‘तुमच्याकडे स्पेशल काय?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर यादीतली सर्वांत महाग ओळ असते. ‘आज घरात काय केले आहे?’ असे विचारावे. घरच्या माणसांसाठी शिजलेले कालवण वाटीभर मिळाले, तर ते आधी घ्यावे.

दोघांत एक तळलेला मासा आणि एक कालवणाची वाटी पुरते. सुरुवातीलाच चार प्रकार तळून मागवले, की भाकरी येईपर्यंत ते थंड होतात. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरेल तशी एकेक मागवावी. तळण रव्यात हवे की तांदळाच्या पिठात, हेही विचारता येते. ताज्या माशाला नुसते मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावून हलके पीठ पुरते. जाड रव्याखाली माशाची चव दबते आणि शिळेपणही लपते.

पट्ट्यानुसार मागणी बदलावी. अलिबागकडे खाडीचा जिताडा आणि आगरी-कोळी पद्धतीचे कालवण, हिवाळ्यात वालाच्या शेंगा निघाल्या की मडक्यातली पोपटी. सिंधुदुर्गात खोबऱ्याचे वाटप आणि बांगड्याच्या कालवणात तिरफळ. वेंगुर्ल्याच्या खाली शिरोडा-रेडीकडे ताट गोव्याच्या शीत-कडीकडे, म्हणजे भात-कालवणाकडे, झुकू लागते. पुढे गोव्यात जाणार असाल, तर नुस्त्याची (मासळीची) थाळी तिथे मुख्यतः दुपारी मिळते, रात्री ती शोधत फिरू नये. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्यावी. ती गुलाबी शरबतासारखी गडद दिसत असेल आणि तिला आमसुलाची आंबट चव नसेल, तर रंगाचा संशय घ्यावा.

शाकाहारी मंडळींनी स्वतःला दुय्यम समजू नये, फक्त जागा वेगळ्या निवडाव्यात. दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे या बाजूंना पूर्ण शाकाहारी घरगुती खानावळी आहेत. तिथे वालाचे बिरडे, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, अळूचे फतफते असे पान आधी सांगितल्यास मिळते. मासळीच्या खानावळीत बसून ‘व्हेज काय आहे’ विचारले, तर बटाट्याची भाजी समोर येते. मिश्र गटाने दुपारचे जेवण शाकाहारी घरी आणि रात्रीचे मासळीच्या खानावळीत ठरवले, तर दोघांचीही सोय होते.

टप्पा ८ : पहिला घास आणि त्यानंतर

ताज्या माशाचे मांस काट्यापासून मोठ्या पाकळ्यांनी सुटते. शिळ्याचे पिठूळ होते. मोरी माशाच्या (लहान शार्कच्या) कालवणाला अमोनियासारखा उग्र वास आला, तर ते बाजूला ठेवावे. बांगडा, सुरमई किंवा पेडवे खाताना जिभेला मिरीसारखे झोंबणे किंवा मुंग्या येणे हे मसाल्याचे तिखट समजून खात राहू नये. हे मासे पकडल्यावर उन्हात किंवा उबेत राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होते, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. तोंड लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी अशी लक्षणे दिसली तर खाणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. शिजवूनही न उघडलेली तिसरी फोडून खाऊ नये.

काही बिघडलेले आढळले, तर वाद न घालता हळूच सांगावे. घरगुती खानावळीत बहुधा दुसरे पान वाढले जाते. जेवण आवडले तर तेही सांगावे, आणि अभिप्राय लिहायचा असल्यास त्यात महिना, वार, मासा आणि दर लिहावा, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर असलेल्या पुढच्या माणसाला तो उपयोगी पडेल.

उठण्याआधी एक काम उरते. हात धुऊन आल्यावर खानावळीच्या काकूंना उद्याचा मार्ग सांगावा आणि त्या गावात त्यांच्या ओळखीचे कोणी जेवण देते का ते विचारावे. माहेर, बहीण, नणंद असे कोणी ना कोणी पुढच्या दोन खाड्यांपलीकडे निघतेच. नंबर मिळाला, की त्यांच्याच समोर फोन लावावा आणि ओळख त्यांनाच करून द्यायला सांगावी. तोपर्यंत संध्याकाळचे सात वाजलेले नसतात, त्यामुळे उद्याच्या आंबोळ्यांचे तांदूळ भिजत घालायला अजून वेळ असतो.